त्या ट्यूनचा माणूस : वॉल्टर कॉफमन

पी.एल. चालू होती. पहाटे सहाच्या आतच कुणाच्या तरी मोबाईलचा अलार्म वाजायला लागला आणि अख्ख्या विंगमध्ये घुमला. पण नेहमीचा कर्कश अलार्म नव्हता तो. आधी तानपुरा, मग त्यावर एक व्हायोलिन... आकाशवाणीची सिग्नेचर ट्यून! मी अंथरुणातच डोळे मिटून पडून राहिले, कारण क्षणभर मला वाटलं की मी आमगावजवळच्या आमच्या गावी आहे, आजोबा अंगणात चूल पेटवताहेत आणि खिडकीतला रेडिओ बातम्यांच्या आधीची हीच धून वाजवतोय. आजोबांचं घड्याळ म्हणजे ती ट्यून. ती वाजली की बैल सोडायचे, चहा टाकायचा आणि नातवंडांना हाका मारायच्या.

सकाळी मेसमध्ये पोहे खाताना विषय निघाला की ही ट्यून बनवली कोणी? कोणी म्हणालं पंडित रविशंकर. (त्यांचं नाव दूरदर्शनच्या ट्यूनशी जोडलेलं आहे, त्यामुळे हा गोंधळ बऱ्याच जणांचा होतो.) कोणी म्हणालं, सरकारी वस्तू आहे, असेल कुठल्यातरी सरकारी कर्मचाऱ्याची. हे दुसरं उत्तर गंमत म्हणून दिलं होतं, पण ते जवळपास बरोबर निघालं. हा माणूस आकाशवाणीचा पगारी नोकरच होता. फक्त तो ना भारतीय होता, ना इंग्रज. तो होता आताच्या चेक प्रजासत्ताकात जन्मलेला, जर्मन बोलणारा एक ज्यू पियानोवादक आणि संगीतकार. नाव वॉल्टर कॉफमन.

मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले. शाळेत एक जुना पियानो होता आणि सिस्टर आम्हाला त्यावर शिकवायच्या. बेथोव्हेन, मोझार्ट यांचे फोटो भिंतीवर होते. पण ज्या पियानोवाल्याची धून माझे आजोबा रोज ऐकायचे, त्याचं नाव मला विसाव्या वर्षी, तेही मेसमधल्या भांडणामुळे कळलं. म्हणून हा लेख. (माझं मराठी कॉन्व्हेंटचं आहे, शुद्धलेखनाच्या चुका संपादक मंडळाने दुरुस्त केल्या आहेत, त्यांचे आभार.)

कॉफमन यांचा जन्म १ एप्रिल १९०७ चा, बोहेमियातल्या कार्ल्सबाड गावचा. आज त्याला कार्लोवी वारी म्हणतात. गरम पाण्याच्या झऱ्यांचं गाव. युरोपातले श्रीमंत लोक तिथे तब्येत सुधारायला यायचे, आणि असे लोक जमले की संध्याकाळी त्यांच्यासाठी वाद्यवृंद लागणारच. तेव्हा हा भाग ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात होता, १९१८ नंतर तो चेकोस्लोव्हाकियात गेला.

शिकायला ते बर्लिनला गेले. तिथल्या सरकारी संगीत महाविद्यालयात फ्रान्झ श्रेकर यांच्याकडे रचना शिकले आणि कुर्ट झाक्स यांच्याकडे संगीतशास्त्र. हे झाक्स म्हणजे साधी असामी नव्हे. जगातली सगळी वाद्यं आवाज कसा निर्माण करतात त्यावरून चार गटांत लावायची, ही पद्धत त्यांनी आणि हॉर्नबोस्टेल यांनी १९१४ साली मांडली आणि ती आजही जगभर चालते. स्वतःच्या अंगाने वाजणारी, कातड्याने वाजणारी, तारेने वाजणारी आणि हवेने वाजणारी. आता आपल्या भरताचं नाट्यशास्त्र उघडा. घन, अवनद्ध, तत, सुषिर. तेच चार गट! म्हणजे बर्लिनच्या वर्गात बसलेल्या या मुलाच्या अभ्यासक्रमात भारत आधीच येऊन बसला होता, फक्त त्याला अजून कल्पना नव्हती.

बर्लिननंतर ते प्रागच्या जर्मन विद्यापीठात पीएच.डी. करायला लागले. विषय घेतला गुस्ताव माहलरच्या सिंफनी. माहलरही बोहेमियातलाच, जन्माने ज्यू. प्रबंध लिहून झाला. आता फक्त डिग्री घ्यायची बाकी. आणि तेव्हा कॉफमन यांना कळलं की आपले गाइड गुस्ताव बेकिंग हे तिथल्या नाझी तरुणांच्या गटाचे म्होरके आहेत. कॉफमन यांनी डिग्री घ्यायला नकार दिला.

मित्रांनो, मी हे वाक्य वाचून खरंच थांबले. आपण इथे एका सहीसाठी एच.ओ.डी.च्या केबिनबाहेर दोन-दोन तास उभे राहतो. जर्नलवर शिक्का नसेल तर जेवण जात नाही. आणि हा पंचविशीतला मुलगा, ज्याच्याकडे पैसा नाही, नोकरीची खात्री नाही, तो वर्षांची मेहनत टेबलावर ठेवून निघून जातो, कारण खाली सही कोणाची असणार हे त्याला सहन होत नाही. व्यवहाराच्या दृष्टीने हा मूर्खपणाच. घरी सांगितलं असतं तर माझ्या बाबांनी मला उंबऱ्याच्या आत घेतलं नसतं. पण पुढे काय झालं ते पाहिलं की वाटतं, त्याला वारं कुठून वाहतंय हे इतरांच्या आधी समजलं होतं. जानेवारी १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला. त्याच वर्षी झाक्स यांना ज्यू म्हणून नोकरीवरून काढलं. श्रेकर यांचंही पद गेलं, आणि मार्च १९३४ मध्ये ते वारलेसुद्धा.

युरोप सोडायचं ठरलं तेव्हा बहुतेक कलाकारांची नजर पॅरिस, लंडन, अमेरिका इकडे होती. कॉफमन निघाले मुंबईला! का? त्यांचं स्वतःचं कारण अगदी साधं होतं, इथला व्हिसा सहज मिळत होता. पण दुसरंही एक कारण होतं आणि मला तेच जास्त आवडतं. युरोपात असताना त्यांनी भारतीय संगीताच्या काही रेकॉर्ड ऐकल्या होत्या. त्यांना त्यातलं ओ की ठो कळलं नाही. सगळं परकं, विचित्र वाटलं. इथपर्यंत काही विशेष नाही, त्या काळचे गोरे लोक आपल्या गाण्याला सर्रास कर्कश म्हणायचे. पण कॉफमन यांनी वेगळा हिशेब केला. हे संगीत कोट्यवधी माणसांना आवडतं, आणि ते बनवणाऱ्यांनाही हृदय आणि बुद्धी आहेच. मग मला ते कळत नसेल तर दोष संगीतात नाही, माझ्यात असला पाहिजे. आणि तो दोष घालवायचा तर जिथे ते गायलं जातं तिथे जाऊन राहायला हवं.

फेब्रुवारी १९३४ मध्ये ते मुंबईत उतरले. वय सव्वीस. थोडे दिवस राहू आणि बघू असा बेत होता. राहिले बारा वर्षं.

इथे थोडं थांबून एक गोष्ट सांगते, जी मला स्वतःला माहीत नव्हती. ज्यू म्हटलं की आपल्याला परदेश आठवतो. पण महाराष्ट्रात ज्यू शेकडो वर्षं राहत आले आहेत. कोकणात अलिबागच्या आसपास त्यांची गावं. ते तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी काम बंद ठेवायचे, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणायचे. त्यांची आडनावं पेणकर, दिवेकर, केहीमकर. घरात मराठी. एवढंच काय, बायबलातल्या गोष्टींवर ते मराठीत कीर्तनंही करायचे! मुंबईत त्यांचं पहिलं प्रार्थनास्थळ १७९६ साली बांधलं गेलं. त्यामुळे कॉफमन ज्या शहरात आले तिथे ज्यू असणं हा गुन्हा नव्हता, बातमीही नव्हती. युरोपातून पळून आलेल्या माणसाला हे केवढं वाटलं असेल!

मुंबईत ते वॉर्डन रोडजवळ, महालक्ष्मीच्या बाजूला रेवा हाऊसमध्ये राहायला लागले आणि काही महिन्यांतच त्यांनी बॉम्बे चेंबर म्युझिक सोसायटी सुरू केली. चेंबर म्युझिक म्हणजे मोठा ऑर्केस्ट्रा नाही, तीन-चार जण एका खोलीत बसून वाजवतात ते. कॉफमन पियानोवर, व्हायोलिनवर तरुण पारशी वादक मेहली मेहता, चेलोवर इटालियन एडिजिओ व्हेर्गा. दर गुरुवारी विलिंग्डन जिमखान्यात कार्यक्रम व्हायचा. एकही गुरुवार रिकामा न जाऊ देता तीन वर्षांत त्यांनी शंभरावर कार्यक्रम केले. मुंबईच्या पावसाळ्यात, घामात, पियानोच्या तारा दर आठवड्याला सैल पडत असताना! (आमच्या शाळेतला पियानो गोंदियाच्या एका पावसात असा बिघडला होता की सिस्टरांनी तो चार महिने झाकूनच ठेवला.) मेहली मेहतांचा मुलगा झुबिन १९३६ सालचा. पुढे तो जगप्रसिद्ध संगीतसंचालक झाला आणि इस्रायलच्या फिलहार्मोनिक ऑर्केस्ट्राची धुरा त्याने अनेक दशकं सांभाळली. एक ज्यू निर्वासित मुंबईत पारशाबरोबर वाजवतो आणि त्या पारशाचा मुलगा इस्रायलमध्ये जाऊन वाद्यवृंद चालवतो. कोणी सिनेमात दाखवलं तर आपण म्हणू जरा जास्तच झालं.

आता ट्यूनकडे येऊ.

मुंबईत रेडिओ केंद्र १९२७ पासून होतं, पण ऑल इंडिया रेडिओ हे नाव जून १९३६ मध्ये मिळालं. नवीन नाव, नवीन थाट, मग ओळखीची धूनही हवी. ही ट्यून त्याच वर्षाची मानली जाते आणि कॉफमन यांच्या नावावर दिली जाते. अधूनमधून दुसरी नावंही कुणीतरी पुढे करतं, कारण इतकी वर्षं रेडिओवर नाव कधी सांगितलंच गेलं नाही. रोज कोट्यवधी लोकांनी ऐकली आणि नंतर निवेदक आले, नमस्कार म्हणाले, बातम्या सुरू. त्यातलं व्हायोलिन मेहली मेहतांचं असं सांगतात. १९३७ पासून १९४६ पर्यंत कॉफमन मुंबई केंद्रावर युरोपियन संगीताचे प्रमुख होते.

ट्यून शिवरंजनी रागातली आहे. सा, रे, कोमल ग, प, ध. पाचच स्वर. राज कपूरच्या मेरा नाम जोकरमध्ये शंकर-जयकिशन यांनी हाच राग वापरून लोकांना रडवलं होतं. आणि आता आपण सगळे इंजिनीअर आहोत म्हणून एक गणित. पियानोत एका सप्तकाचे बारा सारखे तुकडे केलेले असतात. म्हणजे प्रत्येक पुढची पट्टी मागच्या पट्टीच्या कंपनसंख्येच्या १.०५९५ पट, म्हणजेच २ चं बारावं मूळ. मॉड्युलेशन सोपं व्हावं म्हणून केलेली ही तडजोड आहे. आपला नैसर्गिक कोमल गंधार षड्जाच्या ६/५ पट, म्हणजे १.२ पट असतो. पियानोवर तो येतो १.१८९. फरक एक टक्काही नाही, पण तानपुरा लावून ठेवला तर तो फरक कानाला टोचतो. शिवाय पियानोत मींड घेता येत नाही. एक पट्टी, मग दुसरी पट्टी, मधे काहीच नाही, अगदी डिजिटल! व्हायोलिनला पडदेच नसतात, बोट जिथे टेकवाल तिथे स्वर. कॉफमन स्वतः पियानोवाले. तरी या ट्यूनमध्ये पियानो नाही. खाली तानपुरा आणि वर व्हायोलिन. त्यांनी हे का केलं ते सांगायला ते नाहीत, पण आपलं वाद्य इथे चालणार नाही हे वेळेवर ओळखणं, माझ्या मते तरी, मोठी गोष्ट आहे. त्या काळात रेडिओवर याच कारणावरून वाद चालू होता बरं का. पट्ट्यांची पेटी आपल्या गाण्याला खोटी पडते म्हणून १९४० साली आकाशवाणीने हार्मोनियमवर बंदीच घातली आणि ती तीस वर्षांहून जास्त टिकली. आमच्या झाडीपट्टीच्या नाटकवाल्यांना हे कोणी सांगितलं असतं तर त्यांनी रेडिओवरच बंदी घातली असती!

रेडिओच्या नोकरीबरोबर कॉफमन यांची बाकीची कामंही चालू होती. मोहन भावनानी या चित्रपट दिग्दर्शकासाठी त्यांनी संगीत दिलं. (भावनानी म्हणजे मुंशी प्रेमचंद यांच्याकडून मजूर चित्रपटाची कथा लिहून घेणारे.) १९३८ साली रेडिओसाठी अनसूया नावाचा ऑपेरा लिहिला. आणि एकीकडे रागांचा अभ्यास. पंडित विष्णू नारायण भातखंडे मूळचे मुंबईचे वाळकेश्वरचे, ते सप्टेंबर १९३६ मध्ये गेले. त्यांनी आयुष्यभर खपून देशभरातले राग लिहून काढले, दहा थाटांत लावले. हे काम कॉफमन यांच्या हाती पडलं. ज्याला झाक्सनी वर्गीकरण शिकवलं त्याला भातखंडे परके कसे वाटतील?

पण हे सगळं चालू असताना मागे घर जळत होतं. ऑक्टोबर १९३८ मध्ये कार्ल्सबाड हिटलरच्या ताब्यात गेलं. मार्च १९३९ मध्ये प्राग गेलं. परत जायचा रस्ता बंद. कॉफमन यांच्या पत्नी जर्टी या प्रागच्या, आणि त्यांचं माहेर म्हणजे काफकांचं घर. हो, तेच फ्रान्झ काफका, माणसाचा किडा होतो ती गोष्ट लिहिणारे. जर्टी त्यांची सख्खी भाची, थोरल्या बहिणीची, एलीची मुलगी. काफका स्वतः १९२४ मध्येच क्षयाने वारले. त्यांच्या मागे तीन बहिणी होत्या. एली आणि वल्ली या दोघींना १९४१ मध्ये पोलंडमधल्या वूच शहरातल्या ज्यूंच्या कोंडवाड्यात पाठवलं. ओटलाला १९४३ मध्ये आउशवित्झला. तिघींपैकी एकही परत आली नाही. जर्टी युरोपाबाहेर पडल्या होत्या म्हणून वाचल्या.

मी हे वाचलं त्या दिवशी हिशेब करत बसले. १९४१ साली रोज सकाळी मुंबईच्या रेडिओवर ती शांत ट्यून वाजत होती. ऐकणाऱ्याला वाटावं, जगात सगळं ठीक आहे. आणि ती बनवणाऱ्याच्या घरात तेव्हा पत्रांची वाट पाहणं चालू असेल.

त्याच १९४१ सालची एक गोष्ट मात्र मला सगळ्यात जास्त लागली, आणि खरं सांगायचं तर तिच्यामुळेच मी हा लेख अर्धवट सोडला नाही. त्या वर्षी न्यूयॉर्कच्या म्युझिकल क्वार्टर्ली या नावाजलेल्या नियतकालिकात कॉफमन यांचा एक लेख छापून आला. विषय होता गोंड आणि बैगा लोकांची लोकगीतं. गोंड! आपले! आपल्या गोंदिया नावातच गोंड आहेत असं काही जण म्हणतात, काही म्हणतात डिंकाच्या म्हणजे गोंदच्या व्यापारावरून नाव पडलं. तो वाद बाजूला ठेवा. बैगा लोक तर आपल्या शेजारच्या बालाघाट आणि मंडला जिल्ह्यातले. तेव्हा नॅरोगेजच्या गाडीने गोंदियाहून तिकडे जायचे. त्याच काळात व्हेरियर एल्विन आणि त्यांचे मराठी मित्र शामराव हिवाळे मंडल्यात राहून गोंडांची गाणी गोळा करत होते. आणि मुंबईतला हा पियानोवाला त्या गाण्यांचे स्वर कागदावर मांडत होता. पुढे अमेरिकेत गेल्यावरही त्याने हा विषय सोडला नाही. १९६० आणि १९६१ मध्ये बस्तरच्या मुरिया आणि डोंगरी माडिया गोंडांची गाणी आणि त्यांची वाद्यं यांवर त्याने एथ्नोम्युझिकॉलॉजी या नियतकालिकात लिहिलं. माडिया म्हणजे आपल्या गडचिरोलीतही आहेत ते.

आता माझी गोष्ट. माझी रूममेट सालेकसा तालुक्यातली. तिच्या घरी गोंडी बोलतात. फर्स्ट इयरला माघ पौर्णिमेला ती मला कचारगडच्या यात्रेला घेऊन गेली. गुहेकडे चढताना पुढेमागे लोकांचे जथे, ढोल, आणि बायका एका ओळीत हात धरून गात चाललेल्या. एकच चाल, पुन्हा पुन्हा, खाली-वर, खाली-वर. दहा मिनिटांत मला कंटाळा आला. मी पियानोच्या परीक्षा दिलेली मुलगी, मला वाटलं यात तर चारच स्वर आहेत, याला काय गाणं म्हणायचं? मी कानात इयरफोन घातले. तिने पाहिलं. काही बोलली नाही. नंतर गॅदरिंगला तिने गोंडी गाणं म्हणायला नाव दिलं होतं, ते तिने मागे घेतलं. का ते मी विचारलं नाही, कारण मला माहीत होतं.

कार्ल्सबाडच्या माणसाने रेकॉर्ड ऐकून दोष स्वतःत शोधला. मी आमगावची. सालेकसा माझ्या गावापासून जेमतेम अर्ध्या तासावर. असो.

१९४६ मध्ये कॉफमन यांनी भारत सोडला. आधी इंग्लंड, मग १९४७ मध्ये कॅनडातल्या हॅलिफॅक्सला, तिथल्या संगीतशाळेत पियानो विभागाचे प्रमुख म्हणून. १९४८ मध्ये विनिपेग सिंफनी ऑर्केस्ट्राचे संचालक झाले. विनिपेग म्हणजे हिवाळ्यात उणे तीसपर्यंत जाणारं गाव, आमच्या नवेगावबांधची थंडी त्यापुढे काहीच नाही. तिथे त्यांनी जवळजवळ दहा वर्षं ऑर्केस्ट्रा घडवला, १९४९ मध्ये तिथल्या बॅलेसाठी संगीत लिहिलं. त्यांच्या रचनांमध्ये मद्रास एक्सप्रेस नावाची एक आहे, म्हणजे आपल्या रेल्वेने त्यांचा पिच्छा तिथपर्यंत सोडला नव्हता. जर्टींशी त्यांचा संसार टिकला नाही. दुसरं लग्न कॅनडातल्या पियानोवादक फ्रेडा ट्रेपेल यांच्याशी झालं.

१९५७ मध्ये ते अमेरिकेत इंडियाना विद्यापीठात प्रोफेसर म्हणून गेले. गंमत अशी की तिथे पॉल नेट्ल होते, प्रागच्या विद्यापीठातले त्यांचे दुसरे शिक्षक, तेही ज्यू, तेही १९३९ मध्ये पळून आलेले. एका गाइडमुळे प्रागची डिग्री नाकारली आणि दुसऱ्या शिक्षकाशी समुद्रापलीकडे पुन्हा गाठ पडली. ब्लूमिंग्टन गावी कॉफमन यांनी शिकवलं आणि भारतात गोळा केलेलं सगळं ज्ञान पुस्तकांत उतरवलं. १९६८ मध्ये उत्तर हिंदुस्थानी रागांवरचा जाडजूड ग्रंथ आला. रचना भातखंडेंच्या दहा थाटांप्रमाणे. १९७६ मध्ये कर्नाटक संगीतातल्या रागांवरचा आला. आशियातल्या देशांत संगीत कसं लिहून ठेवतात यावरही त्यांचं पुस्तक आहे. ज्याला एकदा रेकॉर्डमधलं काही कळलं नव्हतं, त्याची पुस्तकं उघडून परदेशातली मुलं आज यमन आणि मारव्यातला फरक शिकतात.

९ सप्टेंबर १९८४ रोजी ते ब्लूमिंग्टनला वारले.

त्यांच्या स्वतःच्या रचनांचं काय झालं म्हणाल, तर बराच काळ काहीच झालं नाही. सिंफनी, ऑपेरा, अकरा स्ट्रिंग क्वार्टेट, ढीगभर कागद विद्यापीठाच्या ग्रंथालयात पडून होते. नाझींमुळे देशोधडीला लागलेल्या संगीतकारांचं काम शोधून वाजवणारा टोरोंटोचा एआरसी एन्सेम्बल नावाचा एक गट आहे. त्यांनी २०२० मध्ये कॉफमन यांच्या चेंबर म्युझिकची एक रेकॉर्ड काढली, त्यातल्या बऱ्याच रचना मुंबईच्या दिवसांतल्या. मी हॉस्टेलच्या वायफायवर अडखळत अडखळत ऐकली. पहिल्यांदा समजली नाही. युरोपियन वाटतंय म्हणेपर्यंत मधेच काहीतरी आपलं येतं, आणि आपलं म्हणेपर्यंत ते निसटतं. तिसऱ्यांदा ऐकली तेव्हा रूममेट म्हणाली की यातला एक तुकडा तिच्या आजीच्या गाण्यासारखा आहे. मी ऐकून पाहिलं, मला तसं काही वाटलं नाही. पण तिने आजीचं गाणं म्हणून दाखवलं तेव्हा मी मुकाट्याने वही काढली आणि स्वर लिहायला बसले. चारच आहेत असं मी म्हणाले होते. मोजले तर पाच निघाले, आणि त्यातला एक माझ्या कीबोर्डच्या कुठल्याच पट्टीवर बसत नाही. त्या स्वरापुढे मी सध्या प्रश्नचिन्ह करून ठेवलंय.

दिवाळीच्या सुट्टीत शाळेत गेले होते. सिस्टरांना विचारून पियानोवर आकाशवाणीची ट्यून वाजवून पाहिली. येते, पण बेचव येते. सिस्टरांनी मात्र लगेच ओळखली आणि विचारलं की सकाळ झाली का?

यंदा माघ पौर्णिमेला पुन्हा कचारगडला जायचं आमचं ठरलंय. इयरफोन हॉस्टेलवर राहतील. फक्त त्याच आठवड्यात सबमिशन येऊ नये म्हणजे झालं, टाइमटेबल अजून लागलेलं नाही.